कानातल्या खड्याची साक्ष

जेवायला ढोम्याचं कालवण आहे. ताटात माशाचं डोकं आलंय. तुम्ही ते मन लावून चोखताय आणि एकदम दाताखाली कट्‌कन काहीतरी लागतं. खडा! 'आज तांदूळ नीट निवडले नाहीत वाटतं,' असं म्हणत तुम्ही तो ताटाच्या कडेला काढून ठेवता.

थांबा दोस्तांनो, तो खडा टाकू नका! धुऊन, पुसून तळहातावर घ्या. पांढरा, गुळगुळीत, एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला खाच असलेला. हा तांदळातला खडा नाही. तो त्या माशाच्याच डोक्यातला आहे. नीट शोधलंत, तर त्याचा जोडीदारही तिथेच सापडेल. एक डावा, एक उजवा.

हे खडे माशाच्या कानातले आहेत. आणि त्यांच्यावर त्या माशाचं सगळं चरित्र लिहिलेलं असतं! तो किती दिवस जगला, कुठल्या पाण्यात वाढला, नदी सोडून समुद्रात कधी गेला, हे सारं. फक्त वाचता आलं पाहिजे. ते वाचायला शिकलेल्या शास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या दोन छोट्या नद्यांवर एक मोठं कोडं सोडवता आलं. ती गोष्ट आज सांगायची आहे. (मासे न खाणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही बरं का! इथे मासा खायचा नाही, वाचायचा आहे.)

माशाला कान?

हो, असतात. पण आपल्यासारख्या पाळ्या नसतात, म्हणून ते बाहेरून दिसत नाहीत. कवटीच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना ते दडलेले असतात. प्रत्येक कानात तीन छोट्या पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत एक खडा, असे एकूण सहा खडे. त्यांतले दोन बहुतेक माशांत बाकीच्यांपेक्षा मोठे असतात. ताटात सापडतात ते हेच. शास्त्रीय भाषेत या खड्याला 'ऑटोलिथ' म्हणतात, मराठीत 'कर्णाश्म'. आपण या लेखापुरतं साधं नाव ठेवू : कानखडा.

ढोम्याच्या कुळातल्या माशांचे कानखडे चांगलेच मोठे असतात. म्हणूनच त्या कुळातल्या एका माशाच्या शास्त्रीय नावातच हा खडा येऊन बसला आहे : ओटोलिथस! मुशी आणि पाकट यांच्या डोक्यात मात्र असा खडा शोधू नका. त्यांच्या कानात मोठ्या खड्याऐवजी अगदी बारीक कण असतात.

खड्याचा उपयोग काय? माशाचं शरीर जवळजवळ पाण्याइतकंच जड. त्यामुळे पाण्यातून आवाजाची लाट आली, की मासा तिच्याबरोबर हलतो. कानातला खडा मात्र जड. तो थोडा मागे रेंगाळतो. खड्याखाली केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. मासा हलला आणि खडा मागे राहिला, की ते तंतू वाकतात आणि मेंदूला निरोप जातो, 'आवाज आला!' गढूळ पाण्यात, अंधारात वर कुठे आणि खाली कुठे हेही हाच खडा सांगतो.

गंमत म्हणजे तुमच्या-माझ्या कानातही असे कण आहेत, पण डोळ्यांना न दिसणारे. ते आपली जागा सोडून भलतीकडे गेले, की माणसाला गरगरायला लागतं.

रोज एक पान

या खड्याला इंग्रजीत काही वेळा 'कानाचं हाड' म्हणतात. पण ते हाड नव्हे. तो खराखुरा खडा आहे, शंख-शिंपल्यांसारखाच कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला. आणि हाडात व खड्यात एक मोठा फरक आहे. हाड सतत मोडत आणि नव्याने घडत असतं. तुमच्या हाडातलं आजचं कॅल्शियम काही वर्षांनी तिथे असेलच असं नाही. कानखड्याचं तसं नाही. त्यावर एकदा जो थर बसला, तो बसला! मासा उपाशी राहिला, आजारी पडला, म्हातारा झाला, तरी जुना थर तसाच राहतो. वर फक्त नवा थर चढतो.

म्हणजे खडा कांद्यासारखा वाढतो. सगळ्यात आत जन्माचा थर, सगळ्यात बाहेर शेवटच्या दिवसाचा.

झाडाच्या बुंध्यातली वर्तुळं मोजून त्याचं वय सांगतात, हे तुम्हांला माहीत आहे. तसं माशाचं वय कानखड्यावरून सांगता येतं, हे १८९९ साली योहानेस रायबिश या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं. पण खरी नवलाची गोष्ट कळली १९७१ साली. जॉर्जिओ पॅनेला या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली कानखडे पाहिले आणि त्याला वर्षाच्या रुंद कड्यांच्या आत अतिशय बारीक कडी दिसली. ती रोजची होती. एक दिवस, एक कडं!

तुमच्यापैकी किती जण न चुकता रोजनिशी लिहितात? पहिल्या जानेवारीला सुरू होते आणि संक्रांतीपर्यंत बंद पडते, होय ना? मासा मात्र एक दिवसही चुकवत नाही. त्याच्या रोजनिशीत पानं आहेत, तारखा आहेत. पण मजकूर कुठे आहे?

पाण्याची चव

मजकूर लिहिते ती नदी.

खडा बनवायला लागणारं बरंचसं कॅल्शियम मासा पाण्यातून घेतो. त्या पाण्यात कॅल्शियमबरोबर त्याचा एक चुलतभाऊही विरघळलेला असतो. त्याचं नाव स्ट्रॉन्शियम. दोघांचा स्वभाव इतका सारखा, की खड्याच्या थरात कॅल्शियमच्या काही जागा स्ट्रॉन्शियम पटकावून बसतं. लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांच्या रांगेत गल्लीतलं एखादं पोर घुसावं आणि कुणाच्या लक्षातही येऊ नये, तसं!

आता हे स्ट्रॉन्शियमही एकाच वजनाचं नसतं. त्याचे चार प्रकार आहेत. अशा प्रकारांना 'समस्थानिक' म्हणतात. गुण सगळ्यांचे सारखे, फरक फक्त वजनात. त्यांतल्या दोघांशी आपल्याला काम आहे, नंबर ८६ आणि नंबर ८७. नंबर ८६ जेवढा आहे तेवढाच राहतो. नंबर ८७ मात्र खडकात हळूहळू वाढत असतो, कारण रुबिडियम नावाच्या मूलद्रव्याचा एक प्रकार फुटून त्याचं स्ट्रॉन्शियम-८७ होतं. किती हळूहळू? निम्मं रुबिडियम संपायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं लागतात! पृथ्वीचं वयच मुळी साडेचारशे कोटी वर्षं आहे.

म्हणजे ज्या खडकात रुबिडियम भरपूर आणि जो खडक जुना, त्यात नंबर ८७ जास्त. ज्वालामुखीतून अलीकडे बाहेर पडलेल्या काळ्या खडकात तो कमी. पाऊस या खडकांवरून वाहतो, त्यांना झिजवतो आणि ते स्ट्रॉन्शियम नदीत आणतो. म्हणून वेगवेगळ्या खडकांतून येणाऱ्या नद्यांच्या पाण्याची जणू 'चव' वेगवेगळी असते. आपल्या जिभेला ती कळत नाही, पण कानखड्यात ती उतरते.

हा हिशेब सोपा करून सांगतो. समजा, पाण्यातले नंबर ८६ चे हजार अणू मोजले. त्यांच्यामागे नंबर ८७ चे किती? समुद्राच्या पाण्यात साधारण ७०९. आणि हा आकडा जगातल्या सगळ्या महासागरांत एकच, कारण समुद्राचं पाणी युगानुयुगं घुसळून एकजीव झालेलं आहे. ज्वालामुखीच्या ताज्या खडकांतून येणाऱ्या ओढ्यात हाच आकडा ७०४ च्या आसपास असतो. जुन्या ग्रॅनाइटच्या डोंगरातून येणाऱ्या नदीत तो त्याहून मोठा असतो.

कानखड्यातली कडी झाली तारीख, हा आकडा झाला पत्ता. तारीख आणि पत्ता दोन्ही मिळाले, तर माग काढता येणार नाही का?

लासेनच्या कुशीतल्या दोन नद्या

आता चला कॅलिफोर्नियात. तिथल्या उत्तर भागात लासेन नावाचा ज्वालामुखी आहे. १९१४ पासून पुढची काही वर्षं तो धुमसत होता. त्याच्या परिसरातून मिल क्रीक आणि डिअर क्रीक या दोन छोट्या नद्या निघतात. डोंगर उतरून त्या सॅक्रमेंटो या मोठ्या नदीला मिळतात. सॅक्रमेंटो दक्षिणेकडे वाहत जाऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून पॅसिफिक महासागराला मिळते.

या नद्यांमध्ये चिनूक जातीचा सामन मासा येतो. (आपल्याकडे रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात खरं, पण या सामनशी त्याचं जवळचं नातं नाही.) चिनूक म्हणजे पॅसिफिकमधल्या सामनांत आकाराने सगळ्यात मोठा. त्याचा जन्म नदीत, वाढ समुद्रात आणि शेवट पुन्हा नदीत, बहुधा जिथे जन्मला तिथेच. कोकणात मृगाचा पाऊस पडला, की वलगणीचे मासे ओढ्यातून उलटे वर चढताना तुम्ही पाहिले असतील. तशीच ही चढण, पण शेकडो किलोमीटरांची!

आपल्या गोष्टीतले चिनूक वसंतात चढतात. डोंगरावरचं बर्फ वितळून नद्या भरल्या, की ते समुद्रातून निघतात. उन्हाळाभर डोंगरातल्या खोल, गार डोहांत काहीही न खाता थांबतात. शरद ऋतूत वाळू-गोट्यांत खळगे करून अंडी घालतात आणि मरून जातात. पिल्लं जन्मतात तेव्हा आईबाप नसतात.

एके काळी कॅलिफोर्नियात असे वासंतिक सामन अनेक नद्यांत होते. मग धरणं आली. सॅक्रमेंटोवरचं शास्ता धरण १९४५ साली पुरं झालं. उंची १८३ मीटर, आणि मासे चढून जातील अशी वाट नाही. अशीच धरणं इतर नद्यांवरही झाली. वरचं गार पाणी धरणापलीकडे राहिलं आणि सामन अलीकडे. मिल आणि डिअर यांच्या वरच्या भागात मोठं धरण नाही, म्हणून तिथे हे मासे टिकून राहिले. पण तेही थोडेच. १९९९ साली अमेरिकेच्या सरकारने वासंतिक सामनला धोक्यातल्या जीवांच्या यादीत घातलं.

कोडं

पिल्लं घर सोडून समुद्राकडे कधी निघतात? सगळी एकदम नाही. काही जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, बोटाच्या पेराएवढी असतानाच निघतात. काही थोडी वाढून, वसंतात निघतात. आणि फार थोडी पिल्लं मात्र हलतच नाहीत. भाऊबंद गेले तरी ही आपली डोंगरातच. सगळा उन्हाळा तिथे काढतात आणि पावसाळी, थंड दिवस आले की मग खाली उतरतात. आपण यांना 'मागे राहिलेली' म्हणू.

नदीत मासे मोजायला फिरते पिंजरे लावतात. त्यांत सापडायची ती बहुतेक लवकर निघालेली पिल्लं. मागे राहिलेली क्वचितच दिसायची. जी दिसतच नाहीत, त्यांचा विचार कोण करणार?

पण खरा प्रश्न वेगळा होता. पिल्लं हजारोंनी खाली जातात. वाटेत मोठे मासे आहेत, पक्षी आहेत, गरम पाणी आहे. समुद्रात तर विचारूच नका! दोन-तीन वर्षांनी मोठी होऊन परत येतात ती मूठभर. मग ती कोणती? लवकर निघालेली, मधली, की मागे राहिलेली?

परत आलेल्या माशाला हे विचारणार कसं? पेराएवढ्या पिल्लाला खुणेची पट्टी बांधणं कठीण. हजारांना बांधली तरी त्यांतली किती परत मिळणार? पण प्रत्येक पिल्लू जन्मतःच एक खूण घेऊन येतं. ती कानात असते.

मेलेल्या माशांची साक्ष

कामाला सुरुवात झाली ती नदीकाठी. अंडी घालून झाली की सामन आपसूक मरतात. त्यामुळे त्यांना मारायची गरजच नाही. काठावर, उथळ पाण्यात पडलेले मेलेले मासे शोधायचे, डोकं उघडायचं आणि चिमट्याने कानखडे अलगद काढून छोट्या कुपीत ठेवायचे. कुपीवर नदीचं नाव आणि तारीख. वासाचं काम आहे, पण त्याला इलाज नाही!

मग प्रयोगशाळा. सामनचा खडा जेमतेम काही मिलिमीटरांचा. तो काचपट्टीवर चिकटवतात आणि अगदी बारीक पॉलिशपेपरवर हळूहळू घासतात. दोन्ही बाजूंनी घासत घासत मधला, जन्माचा गाभा दिसू लागला की थांबायचं. एक घासा जास्त झाला तर जन्मच पुसला गेला! आता सूक्ष्मदर्शकाखाली कडी मोजता येतात.

त्यानंतर लेसर किरण. केसाच्या जाडीइतका बारीक असा हा किरण गाभ्यापासून कडेपर्यंत सरकवतात. तो जाईल तिथला खडा किंचित उडून त्याची धूळ होते. ही धूळ सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त तापलेल्या वायूतून नेली, की तिच्यातले अणू सुटे होतात. पुढे वस्तुमान-वर्णपटमापक नावाचं यंत्र असतं. ते अणूंना वजनाप्रमाणे वेगळं करतं आणि मोजतं. इतके ८६, इतके ८७.

चला, आता एक कानखडा तुम्हीच वाचा. आकडे आतून बाहेर असे आहेत : सुरुवातीला एकदम मोठा, समुद्राकडे झुकणारा, मग ७०४, पुन्हा ७०४, बराच काळ ७०४, मग चढत चढत ७०६, आणि शेवटी ७०९, ७०९, ७०९. काय झालं असेल?

७०४ म्हणजे लासेनचा खडक, म्हणजे डोंगरातलं घर. ७०६ म्हणजे खाली सॅक्रमेंटो नदी. ७०९ म्हणजे समुद्र. अगदी बरोबर! पण जन्माच्या आधीच समुद्र कसा? पिल्लाने तर समुद्र पाहिलेलाच नाही. पाहिला होता तो त्याच्या आईने. अंड्यातला बलक तिने समुद्रात असताना खाल्लेल्या अन्नातून तयार झाला. त्यामुळे पिल्लाच्या खड्याचे पहिले थर आईच्या समुद्राची आठवण सांगतात. जन्माआधी मेलेल्या आईचं हे एवढंच, पण पक्कं लिहिलेलं!

आता ७०४ च्या पट्ट्यात किती कडी आहेत ते मोजा. थोडी असतील तर पिल्लू लवकर निघालं. पट्टा चांगला रुंद असेल, तर ते मागे राहिलेलं.

या वाचनालाही मर्यादा आहेत बरं. मिल आणि डिअर यांचा खडक सारखाच, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून पिल्लू या नदीतलं की त्या, हे सांगणं अवघड. आणि समुद्राचा आकडा सगळीकडे एकच असल्याने मासा समुद्रात नेमका कुठे कुठे हिंडला, त्याबद्दल हा आकडा गप्प बसतो.

शेवटी निघालेले, तेच परतलेले

फ्लोरा कोर्डोलियानी, रेचल जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांत परत आलेल्या माशांचे कानखडे असे वाचले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ या काळात भीषण दुष्काळ होता. त्याच सुमाराला समुद्राचं पाणीही नेहमीपेक्षा तापलेलं होतं. अशा वाईट वर्षांतून वाचून जे मासे परत आले, ते कोण होते?

जवळजवळ सगळे मागे राहिलेले!

पिंजऱ्यात जी क्वचित दिसायची, ज्यांची गणतीच होत नसे, त्यांनीच वंश राखला होता. हे पाहिल्यावर कारणही उलगडलं. दुष्काळात वसंतापासूनच सॅक्रमेंटोचं पाणी कमी होतं, तापतं आणि नितळ होतं. पिल्लू लहान, पाणी गरम आणि शिकाऱ्यांना सगळं स्वच्छ दिसतंय. लवकर निघालेली पिल्लं या सापळ्यात सापडली. मागे राहिलेल्यांनी तो काळ डोंगरातल्या गार पाण्यात काढला. ती खाली आली तेव्हा अंगाने मोठी झाली होती, आणि पाऊस-थंडीने नदीही सुधारली होती.

मग काय, मागे राहणं हेच शहाणपण? सगळ्यांनी तसंच करावं? नाही! इथेच गोष्टीची दुसरी बाजू आहे. चांगल्या पावसाच्या वर्षांत लवकर आणि मध्ये निघालेलेही मासे परत आलेले दिसले. नदी भरलेली असेल तेव्हा लवकर जाणाऱ्यांना पुढे वाढायला भरपूर जागा आणि अन्न मिळतं. डोंगरातल्या छोट्या डोहांत सगळी पिल्लं मावणार तरी कशी?

आपला शेतकरी काय करतो, आठवा. ज्वारीच्या शेतात तो मध्येमध्ये तुरीचे पाटे टाकतो. कुठलं पीक या वर्षी दगा देईल ते आधी कळत नाही. दोन्ही असली, की एक तरी पदरात पडतं. निसर्गाने सामनच्या पिल्लांची पेरणी तशीच केली आहे. काही आधी, काही मागून. कोणत्या वर्षी कोण उपयोगी पडेल ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सगळेच हवेत. त्यांतला एक गट 'थोडाच आहे, दिसत नाही' म्हणून हातचा घालवला, तर पुढच्या दुष्काळात घरी परतणारं कुणीच उरणार नाही.

गार पाणी कुठे उरलंय?

आणि धोका नेमका त्यालाच आहे. मागे राहिलेल्यांना उन्हाळाभर गार पाणी हवं. सामन हा थंड पाण्यातला मासा. पाण्याचं तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन राहिलं, की त्याचे हाल सुरू होतात. पृथ्वी तापत चालली आहे, डोंगरावरचं बर्फ कमी होतंय. याच शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की पिल्लांना उन्हाळा काढता येईल असे नदीचे भाग झपाट्याने आक्रसतील. जे उरतील, ते बरेचसे धरणांच्या पलीकडे, जिथे सामनला आज जाताच येत नाही!

हा नुसता माशांचा प्रश्न नाही. सामन इतके घटले, की कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची व्यावसायिक सामन-मासेमारी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं बंद ठेवावी लागली. होड्या धक्क्याला बांधून मच्छीमार बसून होते.

पण प्रयत्नही सुरू झालेत. शास्ता धरणाच्या वर मॅक्क्लाउड नदी आहे. विनेमेम विंटू या तिथल्या आदिवासी लोकांची ती नदी. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांच्या साथीने तिच्या गार पाण्यात सामनची सुमारे ४० हजार अंडी ठेवण्यात आली. ती वासंतिक सामनची नव्हती. हिवाळ्यात नदीत येणाऱ्या, आणखीच संकटात असलेल्या भावंडांची होती. धरण झाल्यापासून त्या नदीत सामनची पिल्लं पोहली ती पहिल्यांदाच. आणि उत्तरेकडे क्लॅमथ नदीवरची चार धरणं तर २०२४ मध्ये काढूनच टाकली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चिनूक सामन जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर पोचलेले दिसले. वाट मोकळी झाल्यावर त्यांनी महिनाभरही वाट पाहिली नाही म्हणा ना!

त्यांची पिल्लं आता तिथे वाढतील. कुणी लवकर निघेल, कुणी मागे राहील. ती काय करतात हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण काही वर्षांनी ती परत येतील, अंडी घालतील, मरतील. मग गमबूट घातलेलं कुणीतरी नदीकाठी वाकेल, चिमट्याने दोन छोटे खडे उचलेल आणि वाचायला बसेल.

करून बघा : कानखडा शोधा

साहित्य : ढोम्याचं शिजलेलं डोकं, चिमटा, जुना टूथब्रश, काळा कागद. घरातलं मोठं माणूस जवळ असू द्या.

१. डोकं वरच्या बाजूने हलकेच उघडा. शिजल्यामुळे ते सहज सुटतं. सुरी वापरायची असेल तर ती मोठ्यांच्या हातात.

२. मेंदूच्या मागे, खालच्या अंगाला डावीकडे आणि उजवीकडे एकेक पांढरा खडा असेल. चिमट्याने काढा.

३. कोमट पाण्यात ब्रशने घासून स्वच्छ करा, वाळवा आणि काळ्या कागदावर ठेवा. डावा-उजवा एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब वाटतात का ते पाहा.

४. बाजारातून दुसरा मासा आला की त्याचेही शोधा. बांगड्याचा खडा किती लहान आणि नाजूक, ढोम्याचा किती जाड! प्रत्येक जातीच्या खड्याचा आकार वेगळा असतो. म्हणूनच पक्ष्याच्या किंवा मोठ्या माशाच्या पोटात सापडलेल्या नुसत्या कानखड्यावरून त्याने कोणता मासा खाल्ला हे तज्ज्ञ ओळखतात.

५. काड्यापेटीत कापूस घालून त्यावर खडे ठेवा. माशाचं नाव, कुठे मिळाला आणि तारीख लिहायला विसरू नका. नदीकाठच्या त्या कुपीवरही एवढंच लिहितात.